थोपटत असशील तर सांग

पत्र:
ताई, माझी मुलगी आज २६ दिवसांची आहे. जन्मली तेव्हा लगेच रडली नाही. मास्क लावून श्वास द्यावा लागला, मग ११ दिवस काचेच्या पेटीत होती. दुसऱ्या दिवशी आकडी आली म्हणून ईईजी काढला, पाचव्या दिवशी एमआरआय, घरी सोडायच्या आधी कानाची तपासणी. ईईजीवर ‘वयाला साजेसा’ असं लिहून आलंय, कानाच्या कागदावर डाव्या बाजूला ‘रेफर’. आता सहाव्या आठवड्यात बेरा करायचाय, आणि तीन महिन्यांची झाली की पुन्हा ईईजी, शिवाय कसली तरी गुणांची तपासणी. आम्ही भांडुपला राहतो, जायचं परळला. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा जिवाच्या डोक्याला किती वेळा वायरी लावणार, करंट लागतो, आपल्या मजल्यावरच्या बाळाला शॉक दिला तेव्हा ते लालबुंद होईस्तोवर रडलं होतं. रिपोर्ट चांगला आलाय तर परत कशाला? सटवाईने लिहिलंय ते काही मशीन पुसणार नाही. मला त्यांना धड उत्तर देता येत नाही. बाळ दचकलं तरी माझा जीव जातो. ती पुढे नीट होईल का, हे आत्ता कळू शकतं का?
– एक आई, भांडुप

उत्तर:
तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस. माझी धाकटी तुझ्याच वयाची असेल. आणि एक आधीच सांगून ठेवते, मी डॉक्टर नाही. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात ३१ वर्षं ईईजी, बेरा, एनसीव्ही काढत होते. रिपोर्टवर सही डॉक्टरांची, बाळाच्या डोक्याला हात माझा. म्हणून तुझ्या एमआरआयबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. ज्यांनी बाळ पाहिलंय त्यांनाच तो विचार, आणि समजेपर्यंत विचार. वायरींबद्दल मात्र हवं तेवढं माझ्याकडून ऐक.

आधी सासूबाईंचा करंट. ईईजीत बाळाच्या डोक्यात काहीही सोडत नाहीत. मेंदूच्या पेशींची आपापसात जी कुजबुज चाललेली असते, ती कातडीवर जेवढी पोचते तेवढी मशीन टिपून घेतं. टीव्हीच्या रिमोटमधला सेल दीड व्होल्टचा असतो. बाळाच्या डोक्यावर जे सापडतं ते एका व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजावं लागतं, आणि असे पन्नास-शंभर भाग मिळाले तरी आमची चांदी. उलट भिंतीतल्या विजेचाच आम्हाला त्रास. खाटेशेजारी कोणी मोबाइल चार्जिंगला लावला की ५० हर्ट्झची गुणगुण आमच्या रेघांवर चढते आणि रेघा कोळशाने ओढल्यासारख्या जाड होतात. मशीनला चार्जरपासून धोका म्हण हवं तर, बाळाला मशीनपासून नाही.

मजल्यावरच्या बाळाचं म्हणशील तर ती वेगळी तपासणी. शॉक म्हणजे एनसीव्ही असणार, नसांची. बाळंतपणात खांदा अडकतो, मानेजवळच्या नसा ताणल्या जातात आणि एक हात लुळा पडतो. असं बाळ दचकलं की एकच हात उघडतो, दुसरा अंगाला चिकटून राहतो. बहुतेकांचा हात व्यायामाने आणि दिवस जातील तसा सुधारतो. नाही सुधारला तर नस कुठे, किती दुखावली ते बघायला नसेवर बाहेरून छोटा झटका देतात आणि पुढे तो किती वेळात पोचला ते मोजतात. तो झटका लागतो, खोटं कशाला सांगू. बाळ रडतं, आईही रडते. इजा मात्र होत नाही. यात एक मौज आहे. नवजात बाळाच्या नसेतून संदेश मोठ्या माणसाच्या साधारण निम्म्या वेगाने धावतो, कारण वायरीवर प्लॅस्टिक असावं तसं नसेवर मायलिनचं जे वेष्टण असतं ते अजून पुरतं चढलेलं नसतं. मोठ्यांच्या जवळपास यायला तीन ते पाच वर्षं लागतात. मोठ्यांचा तक्ता पुढ्यात ठेवून बसलं तर मुंबईतलं प्रत्येक धडधाकट बाळ आजारी ठरेल.

तुझ्या ‘परत कशाला’चं उत्तर यातच आहे. ‘वयाला साजेसा’ हे शब्द नीट वाच. पूर्ण दिवसांचं बाळ गाढ झोपेत असलं की त्याच्या ईईजीत चार-पाच सेकंद उंच लाटांचा झुबका येतो, मग तितकाच वेळ बरीचशी शांतता, मग पुन्हा झुबका. याला फ्रेंच नाव आहे, ट्रासे आल्टर्नां. आमच्या मॅडम त्याला लोकलच्या खिडकीतून दिसणाऱ्या इमारती म्हणायच्या, एक इमारत, मग मोकळं, परत इमारत. पंधरा दिवसांच्या बाळात हे चित्र दिसलं की मी निश्चिंत व्हायची. तेच तीन महिन्यांच्या बाळात दिसलं असतं तर डॉक्टरांना फोन लावला असता. महिना-दीड महिन्यात ते चित्र जातं आणि हळूहळू झोपेतले स्पिंडल येऊ लागतात, म्हणजे लाटांचे छोटे गुच्छ, चातीवरच्या सुतासारखे, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळते. ते आले का, दोन्ही बाजूंना सारखे आले का, हे पुढच्या ईईजीत बघायचं. पहिल्या वेळी डॉक्टरांना प्रश्न वेगळाच होता, आकडी औषधाने खरंच थांबली का. नवजात बाळाची आकडी पुष्कळदा बाहेर दिसतच नाही. बाळ निपचित पडलेलं आणि आत मेंदूत वादळ, असं मी कितीदा पाहिलंय. तेव्हा पहिला ईईजी आकडीसाठी होता, हा वाढीसाठी आहे. एकाच्या उत्तरावर दुसऱ्याचं काम भागत नाही.

(तुझ्या डिस्चार्जच्या कागदावर अपगार म्हणून आकडे असतील, पहिल्या आणि पाचव्या मिनिटाचे, दहापैकी. ते घोकत बसू नकोस. व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ बाईंनी १९५३ साली ती पद्धत छापली ती जन्मल्या जन्मल्या कोणत्या बाळाला तातडीने मदत हवी ते ठरवायला. मूल दहावीला काय करेल ते सांगायला नव्हे.)

आता कान. ‘रेफर’ म्हणजे बहिरी नव्हे. ‘अजून बघा’ एवढाच त्याचा अर्थ. बहुधा तिची ओएई झाली असेल. कानात छोटं बोंडूक बसवून बारीक आवाज सोडतात, आणि आतला कान निरोगी असेल तर तो स्वतःचा एक क्षीण प्रतिध्वनी परत पाठवतो. कान आवाज ‘देतो’ हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवलं, तोवर कोणाचा विश्वास बसला नसता. पण कानाच्या नळीत जन्माचा चिकटा उरला असेल किंवा पडद्यामागे पाणी असेल, तर तो प्रतिध्वनी बाहेर येत नाही आणि मशीन ‘रेफर’ म्हणून मोकळं होतं. याच्या उलटही होतं. आतला कान ठीक, पण त्यापुढची नस नीट बोलत नाही. तिथे ओएई पास होते आणि आपण गाफील राहतो. म्हणून पेटीत राहिलेल्या बाळांना बेरा हवाच. त्यात कपाळाला आणि कानांमागे तीन-चार वायरी, कानात टक-टक-टक असा आवाज, आणि तो नसेतून मेंदूच्या बुंध्यापर्यंत पोचताना उठलेल्या लाटा. आवाज कमी कमी करत नेतात आणि पाचवी लाट कुठे दिसेनाशी होते ते बघतात. इथेही शॉक नाही.

सासूबाई किंवा कोणी ताट वाजवून ‘बघ, दचकली, येतं की ऐकू’ म्हणाल्या तर त्यावर विसंबू नकोस. दणदणाटाला बाळ एका कानावरही दचकतं. कमी ऐकू येणं ताटाने सापडत नाही. कानांच्या बाबतीत हिशेब सोपा आहे: १ महिन्यात चाळणी, ३ महिन्यांत निदान, आणि काही निघालंच तर ६ महिन्यांच्या आत उपाय सुरू. तू वेळेत आहेस. बेऱ्यातही काही निघालं तर वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, वाचा आणि श्रवणासाठीचीच. तिथे ऐकायचं मशीन लावण्यापासून बोलायला शिकवण्यापर्यंत सगळं एका छताखाली होतं. आणि तोवर कानात तेल नको, कोमटसुद्धा नको.

बेराला बाळ झोपलेलं लागतं, आणि इथेच मुंबईकर आयांची फजिती होते. भांडुपहून गाडीत बसलात की घाटकोपर येईपर्यंत बाळ ढाराढूर. परळला उतरेपर्यंत झोप पुरी, आणि आमच्या टेबलावर ठेवलं की डोळे टक्क. मग झोपेचं औषध, मग दोन तास थांबणं. म्हणून निघताना जागं ठेवायचा प्रयत्न कर, तळपायाला गुदगुल्या कर, गाडीत कुंची काढ. भुकेजलेलीच आण आणि आमच्यासमोर पाज. पोट भरलं की अर्ध्या तासात आमचं काम होतं. ही एक युक्ती वापरली असती तर माझ्या नोकरीतल्या निम्म्या बाळांना औषध लागलं नसतं.

दचकण्याकडे येते, कारण तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त घाबरलेली ओळ तीच आहे. भांडं पडलं, तू तिला पाळण्यात ठेवताना डोकं जरा झोकलं गेलं, की दोन्ही हात बाजूला फेकले जातात, बोटं फाकतात, मग हात मिठी मारल्यासारखे जवळ येतात आणि रडू. हा मोरो. एर्न्स्ट मोरो नावाच्या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञाने वर्णन केलेला. डॉक्टर हा मुद्दाम काढून बघतात. तो दिसणं हीच चांगली खबर, आणि चार ते सहा महिन्यांत तो आपोआप जातो. मग हातपाय थरथरणं. रडताना, लंगोट बदलताना हनुवटी-हात थरथरतात. तो हात हळूच धर. थांबला आणि बाळ तुझ्याकडे बघतंय, तर सहसा ती आकडी नव्हे. धरूनही तालात ठोके चालूच राहिले, नजर एका बाजूला खिळली, ओठ चोखल्यासारखे चालले, पाय सायकल मारल्यासारखे, किंवा श्वास अडखळून ओठ निळे पडले, तर ती आकडी समज आणि रुग्णालय गाठ. श्वासाचं असेल तर १०८ लाव, मोबाइल काढत बसू नकोस. बाकी वेळी मात्र व्हिडिओ घे. मिनिटभराचा व्हिडिओ डॉक्टरांना दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा कामाला येतो. फक्त चेहरा आणि हातपाय दोन्ही दिसू देत, दुपटं बाजूला कर.

फक्त झोपेत झटके येतात आणि जागं केलं की लगेच थांबतात, असंही पुष्कळ बाळांचं असतं आणि ते निरुपद्रवी असतं. पण तुझ्या मुलीला एकदा आकडी येऊन गेलीय, तेव्हा ‘निरुपद्रवी’ हा शिक्का तू मारू नकोस, मीही मारणार नाही. व्हिडिओ दाखव.

आणि एक गोष्ट आत्ता लागू नाही, पण लक्षात ठेव, कारण ही घरोघरी चुकते. तीन महिन्यांनंतर, वर्षाच्या आत, काही बाळं झोपेतून उठल्या उठल्या मान-कंबर पुढे झुकवून हात फेकतात, क्षणभर थांबतात, परत तसंच, परत तसंच, एकामागून एक दहा-वीस वेळा. घरचे म्हणतात पोटात कळ आली, किंवा नमस्कार शिकतेय. मोरो एकदा होतो, आवाजाला होतो, आणि त्या वयात तो ओसरू लागलेला असतो. हे माळेसारखं येतं, विनाकारण येतं. जन्मताना प्राणवायू कमी पडलेल्या बाळांत ही भीती जास्त. असं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. व्हिडिओ घेऊन दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढे. ईईजी लगेच व्हायला हवा. यात गेलेले आठवडे भरून निघत नाहीत.

गुणांची तपासणी म्हणजे बहुधा हाइन असेल. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयावरून नाव पडलंय. २६ बाबी, एकूण ७८ गुण, ना वायर ना सुई. नजर फिरते का, मूठ उघडते का, हातपाय किती ताठ किंवा ढिले, उचलून धरलं तर मान काय करते. तीन महिन्यांच्या ठणठणीत बाळालाही ७८ पैकी ७८ मिळत नाहीत, तेव्हा ‘बाकीचे कुठे गेले’ असं मास्तरांना विचारतात तसं विचारू नकोस. याच सुमाराला तिच्या हालचालींचा व्हिडिओही मागतील. तीन ते पाच महिन्यांच्या दरम्यान निरोगी बाळाच्या मान-मनगट-घोट्यांत सतत बारीक, वळवळत्या हालचाली चालू असतात. हाइन्झ प्रेख्टल यांनी हे शास्त्र बसवलं. त्या हालचाली आहेत की नाहीत, यावरून पुढे सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हातापायांवरचा ताबा कमी राहण्याचा, धोका किती ते बरंच आधी कळतं. बाळ उताणं, जागं, शांत, अंगात कमी कपडे, हातात खुळखुळा नाही, तोंडात काही नाही, आणि तू हाक मारायची नाहीस. तीन-चार मिनिटं. न बोलता उभं राहणं आयांना फार कठीण जातं.

तर, ती पुढे नीट होईल का? एका कागदावर हे उत्तर मिळत नाही. एमआरआय, हाइन आणि तो व्हिडिओ असे एकत्र ठेवले की हातापायांबद्दल पाच महिन्यांच्या आत डॉक्टर बरंच ठामपणे बोलू शकतात. पूर्वी यासाठी दीड-दोन वर्षं जायची. बोलणं, शिकणं याबद्दल कोणी आत्ता ठाम सांगत असेल तर त्याच्याकडे परत जाऊ नकोस. कुठे कमी वाटलंच तर आजाराला नाव मिळेपर्यंत थांबायचं नसतं, व्यायाम लगेच सुरू करतात. परळ-शीवच्या मोठ्या रुग्णालयांत अशा बाळांना पुढे बोलावत राहतात. तारखा चुकवू नकोस, ‘आमच्याकडे सगळेच उशिरा चालले’ असं घरात कितीही जणांनी म्हटलं तरी. आणि आकडीचं औषध चालू असेल तर ते बंद करायचा दिवस डॉक्टरच ठरवतील, रिपोर्ट चांगला आला म्हणून आपणहून नाही.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. तुझी मुलगी पाचव्या दिवशी एमआरआयच्या बोगद्यात होती, सटवाई तिथपर्यंत आली की नाही मला ठाऊक नाही. पण टाळू भरणाऱ्या हाताला टाळूची जाण असते. याच टाळूतून डॉक्टर सोनोग्राफीने मेंदू बघतात, कारण तिथे हाड नाही. बाळ शांत आणि उभं धरलेलं असताना ती टम्म वर आलेली दिसली किंवा खोल गेलेली दिसली तर त्यांनाच आधी कळेल, आणि तेव्हा घरी थांबायचं नाही. त्यांना एक वही दे. दूध किती वेळ ओढलं, कधी दचकली, आणि दीड-दोन महिन्यांत कधी पहिल्यांदा तोंडाकडे बघून हसली. पहिल्या तीन महिन्यांत डोक्याचा घेर महिन्याला साधारण २ सेंटिमीटर वाढतो. डॉक्टर टेपने मोजून कार्डावर लिहितात. घरी टेप नको, कुंची घट्ट होतेय का एवढं त्यांनी सांगितलं तरी पुरे.

ईईजीच्या दिवशीचं सांगते आणि थांबते. आदल्या दिवशी डोक्यावरून शाम्पू, आणि त्यानंतर तेल नाही. टाळूवरही नाही, एक दिवस राहू दे. तेलकट कातडीवर वायरींच्या टोकाची कपं घसरतात, मग खरखरीत जेलने घासावं लागतं आणि बाळ उगाच रडतं. डोकं टेपने मोजून खुणा करतील, पांढरी चिकट पेस्ट लावून वायरी बसवतील, वर जाळीची टोपी. पेस्ट गरम पाण्याने निघते. तिचं रोजचं दुपटं घे. मोबाइल पर्समध्ये, चार्जर घरी.

आणि हे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्यापुढे एक चौदा दिवसांचं बाळ आलं, आजीच्या मांडीवर. दहा मिनिटांनी कागदावर डोक्याच्या मागच्या बाजूला एकसारख्या लाटा सुरू झाल्या, सेकंदाला दोन, घड्याळासारख्या. मी पेनाने खूण केली, निवासी डॉक्टरांना हाक मारली. ते इंजेक्शनचा डोस काढायच्या बेतात. मॅडम आल्या. कागदाकडे बघितलंही नाही, आजीकडे बघत म्हणाल्या, ‘आजी, हात जरा थांबवा.’ हात थांबला, लाटा थांबल्या. आजी बाळाला थोपटत होती. त्यानंतर मी प्रत्येक कागदाच्या कडेला पेन्सिलीने लिहायची: उचकी, चोखणं, थोपटणं. तेव्हा तू तिला थोपटायला लागलीस की टेक्निशियनला सांग, थांबलीस की तेही सांग. सासूबाई सोबत आल्या तर त्यांनाही सांगून ठेव, त्यांचा हात तुझ्याआधी सुरू होईल.